सर्वांत लांब दिवसाची मोजणी

पेणच्या प्रत्येक आळीत मुलाकडे नाहीतर मुलीकडे परदेशी जाऊन आलेला एक तरी गृहस्थ असतो. जाताना तो पेणकर असतो. नव्वद दिवसांनी परततो तो त्या देशाचा पेणमधला वकील होऊनच. अमेरिकावाल्यांचं हल्ली कोणी फार ऐकून घेत नाही, कारण ते घरटी एक झालेत. दुबईला तर लोक परदेश म्हणायलाही तयार नसतात. पण आमच्या आळीचे नाना स्वीडनला जाऊन आले, आणि स्वीडन हा देश पेणमध्ये दुसऱ्या कोणाकडेच नसल्यामुळे त्यांच्या वहिवाटीला हरकत घेणारा कोणी उरला नाही.

'वहिवाट' हा शब्द नानांचाच. आयुष्य मोजणी खात्यात गेलं. सरकारी कागदावर त्याला भूमी अभिलेख म्हणतात, पण ज्याच्या बांधाचं भांडण आहे तो मोजणी खातंच म्हणतो. पेण, रोहा, सुधागड, अलिबाग हे तालुके नानांनी साखळी आणि प्लेन टेबल घेऊन पायाखाली घातले. निवृत्तीनंतर साखळी सुटली, पण मोजणी सुटली नाही. लग्नाला गेले की आधी मांडवाची लांबी-रुंदी काढतात, मग अक्षता टाकतात. कोणी नवीन घर दाखवायला नेलं की हॉलचं कौतुक करण्याआधी 'शेजाऱ्याची भिंत तुमच्यात वीतभर आलीय' असं सांगून यजमानाची झोप घालवतात. स्वीडनच्या नव्वद दिवसांच्या व्हिसालाही ते 'तात्पुरता ताबा' म्हणत.

तर हे नाना २०२३ च्या जूनमध्ये स्टॉकहोमला मुलीकडे होते, आणि त्यांनी तिथला मिडसमर पाहिला. पाहिला म्हणण्यापेक्षा त्यांना तो झाला.

स्कान्सेन नावाचं तिथे १८९१ सालापासूनचं उघड्यावरचं मोठं संग्रहालय आहे. जुनी घरं, जुने गोठे, जुन्या गिरण्या मूळ जागेवरून उचलून आणून तिथे मांडल्यात. नानांचा पहिला प्रश्न, 'मूळ जागांचे सातबारे काय झाले?' जावयाने सांगितलं, 'नाना, आज सण आहे, आपण नाचायला आलोय.' मैदानात पाना-फुलांनी मढवलेला उंच खांब उभा केलेला, त्याला आडवी काठी, काठीच्या दोन टोकांना दोन फुलांची कडी. त्याच्याभोवती आजीपासून नातवापर्यंत सगळे हात धरून फेर धरतात, आणि बेडकांच्या एका गाण्यावर बेडकासारख्या उड्या मारतात. बेडकांना कान नसतात, शेपूट नसते, एवढाच त्या गाण्याचा मथितार्थ. एवढ्या मतलबावर अख्खा देश उड्या मारतो याचं नानांना इतकं अप्रूप वाटलं, की त्यांनीही मारल्या. तो व्हिडिओ आळीत सगळ्यांनी पाहिलाय. डोक्यावर फुलांचं कडं, अंगात हाफ स्वेटर, पायात लग्नातले बूट, आणि नाना उकिडवे बसून चार उड्या मारतात. पाचव्या उडीला गुडघा संपावर जातो आणि चित्र एकदम आकाशाचं दिसू लागतं, कारण मोबाइल टाकून मुलगी धावलेली असते.

नानांबरोबर काकूही गेल्या होत्या; त्यांची स्वीडनबद्दलची तक्रार वेगळीच. तिथे दिवेलागणच होत नाही. जूनच्या उत्तरार्धात स्टॉकहोमचा दिवस साडेअठरा तासांचा. रात्री दहा वाजून गेले तरी सूर्य बाल्कनीत बसलेला. काकू निरांजन तयार करून बसायच्या, आणि जावई येऊन सांगायचा, 'आई, अजून अंधार पडायला वेळ आहे, तुम्ही जेवून घ्या.' संकष्टीला तर कहर झाला. चंद्र कुठे आणि कधी उगवणार याचा पत्ता नाही, पोटात कावळे. शेवटी काकूंनी पेणहून नेलेलं कॅलेंडर उघडलं, त्यातल्या चंद्रोदयाच्या वेळेतून साडेतीन तास वजा केले, आणि संध्याकाळी सातला लख्ख उन्हात मोदक फोडला. 'पेणला उगवला ना? मग झालं तर,' असा निकाल देऊन त्यांनी तो प्रश्न कायमचा मिटवला. नाना अजून त्या हिशेबाला 'अक्षांश-रेखांशाचा घोटाळा' म्हणतात. काकू त्याला उपास सुटणं म्हणतात.

परत आल्यावर नानांनी या विषयाचं दप्तरच उघडलं. आळीत कोणीही 'काय नाना, काय विशेष?' असं चुकून म्हणालं की त्याला उत्तर गोलार्ध फिरून आल्याशिवाय घरी जाता येत नसे. फिनलंडमध्ये त्या रात्री तळ्याकाठी होळ्या पेटवतात आणि सौनात बसून घाम गाळतात. लाटव्हियात ओकच्या पानांचे मुकुट घालून, जिऱ्यासारखं बी घातलेलं चीज खात आणि बिअर पीत रात्रभर जागतात, झोपणं अशुभ. डेन्मार्कमध्ये चेटकिणीचा पुतळा होळीवर ठेवतात. पोर्तुगालच्या पोर्तो शहरात २३ जूनच्या रात्री लोक रस्त्यावर एकमेकांच्या डोक्यात प्लास्टिकचे हातोडे हाणतात, आणि ज्याला बसतो तो हसतो. पेरूमधल्या कुस्कोला २४ जूनला सूर्याचा मोठा उत्सव असतो, पण तिथे तेव्हा हिवाळा. स्पॅनिश लोकांनी बंद पाडलेला तो उत्सव १९४४ साली पुन्हा सुरू झाला. 'म्हणजे रद्द झालेली नोंद पुन्हा कायम झाली,' नाना समजावून सांगतात.

नानांचा या सगळ्या सणांबद्दलचा सिद्धान्तही मोजणी खात्याच्या नियमांवर बेतलेला. मूळ मालक सूर्य. उत्तरेकडे दिवस सगळ्यांत मोठा होतो, लोक आनंदाने शेकोटी पेटवतात, ही जुनी वहिवाट. पुढे चर्च आलं. येशूच्या सहा महिने आधी जन्मलेल्या बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा वाढदिवस २४ जून धरला गेला, आणि सूर्याच्या उताऱ्यावर योहानाचं नाव चढलं. 'साधा फेरफार आहे,' नाना म्हणतात. 'मालक बदलला, शेकोटी तीच. सूर्याचं नाव इतर हक्कात गेलं, एवढंच.'

या वकिलातीला एकच प्रतिपक्ष होता. तो म्हणजे नानांचे रोह्याचे व्याही. स्टॉकहोमला असलेला जावई हा त्यांचाच मुलगा. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णाही दोन महिने स्वीडनला राहून आले, पण परत आल्यावर त्यांनी स्वीडनचा अहवाल एका वाक्यात आटोपला, 'थंड आहे, आणि मासे गोड करतात.' मिडसमरच्या जेवणात तिथे साखर-व्हिनेगरमध्ये मुरवलेला हेरिंग मासा, शेपूसारख्या पाल्यात उकडलेले नवे बटाटे आणि शेवटी स्ट्रॉबेरी असते. कुंडलिकेच्या काठी वाढलेल्या माणसाला तो हेरिंग म्हणजे माशाचा मोरांबा वाटला. त्यांनी तो शेजारच्या मांजराला दाखवला. मांजर मात्र स्वीडिश होतं, त्याने खाल्ला.

पेण आणि रोहा यांच्यामध्ये रेल्वेने कासू, नागोठणे अशी मोजकी स्टेशनं; पण या दोन व्याह्यांमधलं अंतर नानांच्या साखळीत मावणारं नव्हतं. नाना म्हणत, 'पेणचे गणपती बोटीत बसून जगभर जातात.' अण्णा म्हणत, 'जातात, कारण पेणहून रस्त्याने कुठे जाता येत नाही. कोकण रेल्वे सुरू होते ती रोह्यापासून.' अण्णा रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून चिंतामणराव देशमुखांना पुढे करत. नाना लगेच पेण तालुक्यातल्या गागोद्यात १८९५ साली जन्मलेल्या विनोबांना उभं करत. वर सांगत, 'विनोबांनी जमीन मागितली, ती मोजली कोणी? आमच्या खात्याने.' यावर अण्णा धावीर महाराजांच्या पालखीचा हुकमी एक्का काढत. दसऱ्याच्या सुमारास निघणाऱ्या त्या पालखीला पोलीस सशस्त्र सलामी देतात. 'तुमच्या स्वीडनच्या खांबाला कोणी सलामी देतं का?' नाना गप्प. मग थोड्या वेळाने म्हणत, 'त्या खांबाला राजासुद्धा आडवा येत नाही.' याचा अर्थ काय, हे त्यांनाही माहीत नसावं, पण वादात ते चालून जातं.

मिडसमरबद्दल अण्णांचा आक्षेप मात्र बिनतोड होता. 'नानासाहेब, त्या लोकांना डिसेंबरात सहा तासांचा दिवस मिळतो. ऊन दिसलं की ते नाचणारच. आपला मोठ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि लहानात लहान अकराचा. सव्वादोन तासांसाठी कोण उड्या मारील? आपण मार्च ते मे ऊन खाऊन खाऊन अजीर्ण झालेले. आपल्याला पाऊस आला की सण. मिरग निघाला, कोंबडं कापलं, पहिल्या पाण्याला वलगण चढली, शेतात वलगणीचे मासे धरले, झाला आपला मिडसमर. त्याला खांब कशाला हवा?' शेकोटीचा विषय निघाला की ते हात जोडत. 'लाकडं आगोटीला कोठीत भरलीत, सुकट-बोंबलाच्या शेजारी. चार महिने पुरवायची आहेत. तुमच्या योहानासाठी ती भर पावसात काढून जाळू?'

आगोट म्हणजे काय हे रायगडात सांगावं लागत नाही. पावसाळ्याआधी मीठ-मसाला, कांदे, पापड, सुकी मासळी, लाकूडफाटा सगळं भरून ठेवण्याची घाई. काकूंची आगोट मे महिन्यातच पूर्ण होते. त्यात नानांनी एकदा मोजमाप करायला हात घातला आणि 'पापड किती, ते सांगा, लाटले किती ते मी सांगते' हे ऐकून बाहेर आले.

पण २०२४ साली ग्रहच असे जुळून आले की अण्णांचा युक्तिवाद फोल ठरावा. स्वीडनमध्ये मिडसमरची सुरुवात १९ ते २५ जूनच्या मधल्या शुक्रवारी होते. त्या वर्षी तो शुक्रवार आला २१ जूनला. अयनांतही त्याच दिवशी, भारतीय वेळेप्रमाणे पहाटे २ वाजून २१ मिनिटांनी. संयुक्त राष्ट्रांनी २०१४ मध्ये ठराव केलेला आणि २०१५ पासून पाळला जाणारा योग दिनही २१ जूनचाच, तोही याच लांब दिवसाच्या निमित्ताने ठरवलेला. आणि ज्येष्ठातली वटपौर्णिमाही त्याच दिवशी. नानांनी चारही नोंदी एका कागदावर मांडल्या, खाली सही केली, आणि त्याची झेरॉक्स अण्णांना 'लगतचे कब्जेदार' म्हणून नोटीस असल्यासारखी पाठवली.

पहाटे दोन एकवीसला नाना गॅलरीत छत्री घेऊन उभे होते. सूर्य उत्तरेला जायचा थांबला तेव्हा पेणला भुरभुर चालू होती आणि खालच्या गणपतीच्या कारखान्यावरची ताडपत्री फडफडत होती. नानांनी घड्याळ पाहिलं, 'फिरला' असं म्हणाले आणि झोपले. काकू म्हणाल्या, 'आता कडी लावा. पाणी आत येतंय.'

सकाळी योग दिन. शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्या अंथरलेल्या. शिक्षिकेने सांगितलं, 'आता मंडूकासन.' बेडकाचं नाव निघाल्याबरोबर नानांच्या अंगात स्टॉकहोम संचारलं. सगळे पोटाशी मुठी धरून पुढे वाकले, आणि नाना सतरंजीवरून उडी मारून दुसऱ्या रांगेत गेले. शिक्षिका म्हणाल्या, 'काका, आसनात स्थिर राहायचं असतं.' नाना म्हणाले, 'स्वीडनमध्ये हलतात.'

दुपारी सावलीची मोजणी. पेण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. त्यामुळे मेच्या मध्यावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली तिच्याच पायाशी गोळा होते, मग तो उत्तरेला निघून जातो आणि जुलैच्या अखेरीस परत डोक्यावरून येतो. मधल्या काळात भर दुपारची सावली दक्षिणेला पडते. ही गोष्ट पेणमध्ये जन्मलेल्या कित्येकांनी कधी पाहिलेली नाही, कारण तेव्हा सूर्यच दिसत नाही. नानांनी गच्चीवर ओळंबा लावून काठी उभी केली. पेणचा खरा मध्यान्ह घड्याळात बारा वाजून चाळीस मिनिटांच्या सुमारास येतो. बारा चाळीसला ढग, पाऊणला ढग, एकला पाऊस. नानांनी वहीत लिहिलं, 'सावली गैरहजर. पुन्हा तारीख.'

आणि मग खांब. आदल्या दिवशी नानांनी मांडववाल्याकडून लांबलचक बांबू आणून ठेवला होता, पिंपाच्या जुन्या दोन कड्या वायरने बांधल्या होत्या. प्रश्न होता पाल्याचा. स्वीडनमध्ये तो बर्चचा असतो. पेणच्या बाजारात आदल्या संध्याकाळी आदिवासी बायका वडाच्या फांद्या विकायला बसतात, पूजेसाठी. नानांनी एकीकडून दोन मोळ्या घेतल्या, दुसरीकडून दोन, आणि भाव करायचं विसरल्यामुळे तिसरीने स्वतःहून आणून दिली. बाजारातला वड संपला, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

वडाच्या डहाळ्यांनी मढवलेला तो बांबू चार वाजता अंगणात उभा राहिला. उभा केला तो कारखान्यातल्या पोरांनी, ज्यांना पुरुषभर उंचीचा गणपती हलवायची सवय. जोर लावताना तोंडातून 'गणपती बाप्पा मोरया'च निघालं. स्वीडिश खांब मोरयाच्या गजरात उभा राहिल्याचं पाहून नानांचा ऊर भरून आला. त्यांनी जास्वंदीचं कडं डोक्यावर घातलं आणि अण्णांची वाट पाहू लागले. टेबलावर शेपू घालून उकडलेले बटाटे, दह्याचा चक्का आणि स्ट्रॉबेरीच्या जागी जांभळं. हेरिंगची जागा मोकळी होती.

तेवढ्यात आळीतल्या बायका आल्या. आमच्या आळीचा वड मागेच रस्तारुंदीत गेला. तेव्हापासून कोणी पलीकडच्या वडाशी जातं, कोणी फांदी आणून घरी पूजतं. त्या दिवशी पलीकडे गर्दी आणि चिखल, आणि बाजारात फांदी नाही. नोकरीवरून परतलेल्या, दिवसभर उपाशी असलेल्या सात-आठ जणी पिशव्यांतून सूत आणि वाणाची सुपं घेऊन हिंडत होत्या. त्यांना नानांच्या अंगणात वड दिसला. सरळ, उंच, ताजा, कोरड्या जागेत, वर दोन फुलांची कडी. एकीने विचारलंसुद्धा नाही. हळद-कुंकू लागलं, आंबा-फणसाचे गरे ठेवले गेले, आणि सूत गुंडाळत बायका खांबाभोवती फिरू लागल्या.

नाना गॅलरीतून पाहत होते. 'अगं, फेर धरला!' ते काकूंना ओरडून म्हणाले. काकूंनी खाली डोकावलं आणि पदर सावरून, हातातलं सूत घेऊन त्याही उतरल्या. बघता बघता नानांचा मिडसमर पांढऱ्या सुताने कंबरेपर्यंत बांधला गेला.

याच वेळी अण्णा-वहिनी पोचले. अण्णांच्या हातात ओली पिशवी, आत वलगणीचे शिवडे आणि मळे. वहिनी रोह्याची पूजा आटोपून आलेल्या. खांब पाहून त्या म्हणाल्या, 'हे तिकडचं ना? तिकडे काय मागतात याच्याकडे?' नानांना हवा तो प्रश्न मिळाला. त्यांनी सांगितलं, की तिथल्या लग्नाळू मुली त्या रात्री सात प्रकारची फुलं गोळा करून उशीखाली ठेवतात, म्हणजे होणारा नवरा स्वप्नात येतो. 'तिकडे सात फुलं, इकडे सात जन्म. एकच गट नंबर आहे, वहिनी.' वहिनी म्हणाल्या, 'नाही हो, फरक आहे. त्या अजून शोधतायत. आम्हाला सापडलाय, आणि पुढच्या सहा जन्मांचं बुकिंगही त्याच्याच नावावर.' अण्णांनी मासळीची पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

मासळीचं काय करायचं हा प्रश्न मग पुढे आला. 'आज या घरात मासे शिजणार नाहीत,' काकूंचा हुकूम झाला. नाना म्हणाले, मिडसमरला मासा लागतोच. काकू म्हणाल्या, वटपौर्णिमेला लागत नाही. अण्णांनी तटस्थपणे पिशवी माझ्या हातात दिली. त्या रात्री वलगणीचे मासे शेजारी आमच्याकडे शिजले, आणि दोन्ही व्याही उपासाच्या घरातून 'जरा पाय मोकळे करून येतो' म्हणून आमच्याकडे येऊन जेवले. पहिल्या घासाला अण्णांनी विचारलं, 'काय नानासाहेब, हेरिंग कसा आहे?' नानांनी काटा काढता काढता सांगितलं, 'साखर कमी आहे.'

जेवणानंतर अण्णांनी मुद्दा काढला. खांब स्वीडनचा, पाला वडाचा, उचलला मोरयाने, पुजला सावित्रीच्या नावाने. आता हा सण कोणाचा? नानांनी बडीशेप चघळत बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, 'कूळ कायद्यात याला उत्तर आहे. १ एप्रिल १९५७. कसेल त्याची जमीन. योहानाने सूर्याची घेतली, आळीतल्या बायकांनी माझी घेतली. फिरेल त्याचा खांब.'

हा निकाल आळीने मात्र अक्षरशः घेतला. २०२५ साली वटपौर्णिमा आली १० जूनला, आणि स्वीडनचा तो शुक्रवार २० तारखेला. नाना निवांत होते; त्यांच्या हिशेबाने अजून अकरा दिवस बाकी. नऊ तारखेला सकाळीच बायका दारात उभ्या, 'नाना, खांब कधी उभा करताय? बाजारातून फांद्या आम्ही घेतल्याच नाहीत.' नानांनी समजावलं की हा वड नाही, हा मिडसमर आहे, याची तारीख ठरलेली असते. ऐकतंय कोण? काकू आतून म्हणाल्या, 'पोरांना बोलावलंय मी. बांबूही आणायला सांगितलाय.'

खांब उभा राहिला तेव्हा नानांनी मुलीला फोन लावला. यंदाचा मिडसमर पेणला दहा जूनला होतोय, असं सांगितलं. ती हसायला लागली, तेव्हा नाना खात्याच्या आवाजात म्हणाले, 'हसू नकोस. तुमचा मिडसमर पूर्वी २४ जूनला पक्का होता. १९५३ साली सुट्टीच्या सोयीसाठी तुम्ही तो आठवड्याच्या शेवटी सरकवलात. स्वीडनला शुक्रवार सोयीचा, पेणला पौर्णिमा. दुरुस्तीची नोंद करून ठेव तिकडे.'